माथेरान पायी पाहायचं असेल तर: आई-वडील आणि मुलांसह दोन दिवसांच्या सोप्या वाटा

माथेरानहून आलेल्या माणसाला सहल कशी झाली विचारलं की तो आधी किती पॉइंट केले ते सांगतो. घोडा ठरवला, तीन तासांत आठ कडे पाहिले, फोटो काढले, बाजारातून चिक्की घेतली, संपलं. दोन पॉइंटांच्या मधलं जंगल त्याच्या सांगण्यात कुठेच येत नाही. माझ्या मते माथेरानची खरी श्रीमंती याच मधल्या वाटांत आहे. डोक्यावर दाट सावली, पायाखाली लाल माती, चढ-उतार बेताचे आणि मागून गाडीचा हॉर्न नाही. सत्तरीतले आजी-आजोबा आणि सहा-सात वर्षांची नातवंडं यांना एकत्र घेऊन दिवसभर रमतगमत चालता येईल अशी दुसरी जागा मुंबई-पुण्याच्या टप्प्यात मला माहीत नाही.

हा लेख अशाच कुटुंबांसाठी आहे. ज्यांना ट्रेक करायचा नाही, पण चालायला आवडतं.

आधी डोंगर समजून घ्या

माथेरान म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवरचं लांबट पठार. ते उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. बाजारपेठ आणि रेल्वे स्टेशन जवळपास मधोमध. गाड्या थांबतात तो दस्तुरी नाका उत्तरेच्या बाजूला, शार्लोट तलाव नैऋत्येला, चौक आणि वन ट्री हिल हे पॉइंट दक्षिण टोकाला, तर पॅनोरमा अगदी उत्तर टोकाला. एवढं चित्र डोक्यात ठेवलं तरी वाट चुकल्यावर घाबरायला होत नाही, कारण पठाराला सगळीकडून कडे आहेत. कुठेही गेलात तरी वाट एकतर कड्याशी संपते किंवा फिरून मुख्य रस्त्याला मिळते.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौक गावाकडून इथे चढून आले आणि मग गोऱ्या साहेबांची वस्ती झाली, असा इतिहास सांगतात. पायथ्याच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हे जंगल तुडवत होती. आजही मे महिन्यात करवंदं-जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका खालून चढून येतात. आपण ज्याला अवघड ट्रेक म्हणतो ती त्यांची रोजची वाट आहे. त्यांच्याकडून रानमेवा घेताना घासाघीस करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

कधी जायचं

पायी फिरायला सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा थंड, वाटा कोरड्या, दरी स्वच्छ दिसते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी उकाडा जाणवतो, पण झाडीत चालत राहिलात तर सुसह्य असतो, आणि याच सुमारास अंजनीची झाडं फुलतात. पानांच्या बगलेत, फांद्यांना चिकटून जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ येतात आणि खाली वाटेवर त्याच रंगाचा सडा पडतो. मे महिन्यात सुट्ट्यांची गर्दी.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये माथेरान सुंदर असतं हे खरं, पण ज्येष्ठांसाठी तो सोपा काळ नाही. जांभा दगडावर शेवाळ धरतं, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि कड्याची कड कुठे सुरू होते ते कळत नाही. तेव्हा जायचंच असेल तर बाजाराजवळच्या वाटांवर फिरा, कड्यांवर जाऊ नका. पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर त्यापेक्षा कितीतरी बरा: हिरवाई तशीच आणि पाय ठेवायला जमीन कोरडी.

आणखी एक. शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळा. जंगलातली शांतता आठवड्याच्या मधल्या दिवशीच मिळते.

वर पोहोचणं

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरायचं. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठायचं. नेरळहून वर जायला दोन मार्ग. एक म्हणजे १९०७ पासून चालणारी छोटी गाडी, जिच्या दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत सुमारे २० किलोमीटरची वळणं ती दोन-अडीच तासांत चढते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. दुसरा मार्ग शेअर टॅक्सीचा, जी दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते. स्वतःची गाडी असेल तर तीही दस्तुरीलाच ठेवायची. तिथे नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून पुढे.

दस्तुरीपासून बाजार साधारण अडीच-तीन किलोमीटर. इथेच बहुतेक कुटुंबं गोंधळतात. घोडेवाले आणि हमाल भोवती जमतात, सामान खाली पडतं, मुलं रडायला लागतात. म्हणून आधीच ठरवून या. गुडघेदुखी असलेल्यांनी जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडी घ्यावी किंवा ई-रिक्षा मिळते का पाहावं. ई-रिक्षा थोड्या आहेत, रांग लागते. जड बॅगा असतील तर हमालाला द्या आणि दर आधी ठरवून घ्या. बाकीच्यांनी रुळांच्या बाजूने जाणाऱ्या वाटेने चालत यावं. गाडीसाठी आखलेला मार्ग असल्याने चढ अगदी सौम्य आहे आणि निम्म्याहून जास्त वाट सावलीत आहे. फक्त रुळांच्या मधोमध चालू नका. गाडी हळू येते, तरी वळणावर दिसत नाही. आरामात चाललं तरी पाऊण ते एक तासात बाजारात पोहोचता.

पायात काय, पाठीवर काय

माथेरानची माती जांभ्याची. कोरडी असताना तिची बारीक लाल भुकटी होते आणि उतारावर ती सुपारीएवढ्या खड्यांसह पायाखालून सरकते. गुळगुळीत तळव्याचे बूट इथे कुचकामी. खाचा असलेले, आधी वापरून पायाला बसलेले बूट हवेत. नवे बूट इथे पहिल्यांदा घालू नका. पांढरे मोजे घातलेत तर ते कायमचे तांबडे होतील. आजी-आजोबांसाठी काठी हवीच, विशेषतः उतरताना. बाजारात साधी लाकडी काठी मिळते, तीही चालते.

माणशी एक लीटर पाणी, खडीसाखर किंवा गूळ-शेंगदाणे, छोटा नॅपकिन, एक टॉर्च आणि रोजची औषधं. बस्स. टॉर्च दिवसा कशाला, असं वाटेल. पण हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीखाली त्याच्या आधीच अर्धा तास काळोख होतो. वाटेवर दिवे नाहीत. झाडांची मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात आणि अंधारात तीच पायात येतात. दरीच्या बाजूला मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

खाण्याचे पदार्थ हातात किंवा पारदर्शक पिशवीत ठेवू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. पिशवी ओढलीच तर ओढाताण न करता सोडून द्या. मुलांना हे निघायच्या आधी दोनदा सांगा: माकडाच्या डोळ्याला डोळा लावायचा नाही, दात दाखवून हसायचं नाही, पळायचं नाही.

पहिली दुपार: खंडाळा पॉइंट आणि अलेक्झांडरची बाजू

पोहोचलात, जेवलात, तासभर पडलात. साडेतीनच्या सुमाराला पूर्वेकडच्या वाटेने निघा. ही वाट पहिल्या दिवशी घ्यायचं कारण सरळ आहे. दुपारनंतर पूर्वेचे कडे सावलीत येतात, बाजार जवळ राहतो आणि कोणी दमलं तर परत फिरणं सोपं जातं.

खंडाळा पॉइंट बाजारापासून अगदी हाकेच्या अंतरावर. ज्यांना एवढंच झेपेल त्यांनी इथेच बसावं. खाली कर्जतच्या बाजूची सपाटी आणि उल्हास नदीचं खोरं दिसतं. बाकीच्यांनी दक्षिणेकडे अलेक्झांडर पॉइंटकडे वळावं. वाट रुंद आहे, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी यांची गर्दी. जुने बंगले झाडीत लपलेले दिसतात, काहींची फाटकं गंजलेली, काहींच्या आवारात अजून फुलझाडं. पुढे रामबाग पॉइंट. इथून खाली उतरणारी पायऱ्यांची वाट वाड्यांकडे जाते. तिच्यावर उतरू नका, उतरलं की तेवढंच चढावं लागतं आणि मुलांना ते शेवटच्या टप्प्यात कळतं.

रामबागपर्यंत जाऊन परत यायला थांबत-थांबत दोन तास धरा. साडेपाचला परतीची वाट पकडलेली असायला हवी.

चालताना अधूनमधून मुद्दाम गप्प राहून पाहा. 'कुटुर्र, कुटुर्र' असा न थांबणारा आवाज येईल, तो कुटुरगा. शेंड्याकडच्या फांद्या अचानक जोरात हलल्या आणि वारा नसेल, तर मान वर करा. तांबूस पाठीचा, फिकट पोटाचा, लांब झुपकेदार शेपटीचा शेकरू दिसण्याची शक्यता आहे. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी इथे अगदी वाटेवरच्या झाडांतही येतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, म्हणून माथ्यावरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या राहणं त्याच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. मुलांना हे तिथे उभं राहून दाखवा: त्याची वाट कुठून सुरू झाली, कुठल्या फांदीवर अडखळली, कुठून वळसा घेतला.

दुसरी सकाळ: शार्लोट तलाव, एको, लुईझा

हा या दोन दिवसांचा गाभा आहे. यासाठी सकाळी सातला निघा. चहा घेऊन, नाश्ता बरोबर बांधून.

बाजारातून तलावाकडे जाणारा रस्ता विचारायला लाजू नका. फाट्यांवर पाट्या आहेत, पण काही पुसट झालेल्या आहेत आणि घोड्यांच्या आडवाटांमुळे नव्या माणसाला चुकल्यासारखं वाटतं. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास, बहुतेक उतार. हा उतार लक्षात ठेवा, कारण परतताना तोच चढ होतो. ज्येष्ठांनी जाताना हलकं वाटतं म्हणून वेग वाढवू नये.

तलाव जवळ आला की आधी हवा बदलते. पाण्याचा गारवा लागतो, झाडी अधिक काळपट हिरवी होते. मग पाणी दिसतं. तलाव फार मोठा नाही, पण तिन्ही बाजूंनी जंगल इतकं खाली झुकलेलं आहे की सकाळी पाण्याचा रंग झाडांचाच असतो. एका बाजूला बांध आहे. पावसाळ्यात बांधावरून पाणी सांडतं आणि खाली कड्यावरून धबधबा होतो, तेव्हा बांधापासून लांबच राहावं. हे माथेरानच्या पिण्याचं पाणी आहे. त्यात पाय धुणं, पोहणं, निर्माल्य टाकणं, काहीही करायचं नाही. मुलांना दगड मारायला मनाई करताना कारणही सांगा, म्हणजे ती ऐकतात.

काठावर पिसारनाथाचं मंदिर आहे. माथेरानचं ग्रामदैवत. शेंदूर लावलेली स्वयंभू पिंडी, वर झाडांचं छत. इथे बसून नाश्ता उरकू नका, माकडं लगेच येतात. नाश्ता बांधाच्या थोडं अलीकडे, मोकळ्या जागी उरका आणि कागद-पिशव्या परत बॅगेत.

तलावापासून दोन पर्याय. दक्षिणेकडे लॉर्ड आणि सेलिया पॉइंट जवळ आहेत, तिथवर जाऊन तलावावर परत येता येतं. उत्तरेकडे एको पॉइंट आणि पुढे लुईझा. लहान मुलं असतील तर मी एकोकडे जायला सांगेन. समोरच्या कड्यावर हाक आदळून परत येते, हे मुलांना कितीही वेळा हवं असतं. सकाळी आठच्या आत गर्दी नसते आणि प्रतिध्वनी स्वच्छ ऐकू येतो. पण मोठ्या आवाजाचे स्पीकर, फटाके असलं काही नको. याच कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. कड्याजवळ धूर करू नका, सिगारेट ओढू नका, उग्र वासाचं अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्या तर त्या जवळच्या सगळ्यांवर येतात.

एकोकडून लुईझाकडे जाणारा टप्पा मला सगळ्यांत आवडतो. वाट कड्याला समांतर जाते, पण मध्ये झाडांचा पदर असल्याने भीती वाटत नाही. डावीकडे पानांच्या फटींतून दरीचं निळसर धुरकट रूप दिसत राहतं. पाय ठेवताना जवळून पाहिलं तर वाटेवर तीन थर दिसतात. वर वाळकी पानं, त्याखाली घोड्यांच्या टापांनी कुटलेली मऊ लाल माती, आणि जिथे पावसाने ती वाहून नेली तिथे चाळणीसारखा भोकाभोकांचा जांभा. त्या जांभ्यात झाडांची मुळं बोटं रुतवावीत तशी घुसलेली आहेत. या मुळांनीच ही वाट धरून ठेवली आहे. म्हणून वळणावर जवळचा रस्ता काढत झुडपांतून चालू नका. एकजण गेला की दुसरा जातो, गवत मरतं आणि पुढच्या पावसात तिथे घळ पडते.

लुईझा पॉइंटवर समोर प्रबळगडाचा भलामोठा पसारा उभा राहतो. कठडा आहे तिथेच उभे राहा. कठड्यापलीकडे फोटोसाठी जाणारे लोक दिसतील, त्यांच्या मागे मुलांना जाऊ देऊ नका. जांभ्याची कड वरून घट्ट दिसते आणि खालून पोखरलेली असू शकते.

हा सगळा फेरा, विसाव्यांसह, साडेतीन ते चार तासांचा. अकरा-साडेअकरापर्यंत बाजारात परत. कोणाला चढ जड गेला तर वाटेत घोडा मिळू शकतो, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. नगरपरिषदेचे दरफलक असतात, ते पाहून बोलणी करा.

घोडा समोरून आला तर

पायी चालणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. घोडा दिसला की डोंगराच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला सरकून थांबा. दरीच्या बाजूला कधीही थांबू नका. मुलांना आपल्या आणि डोंगराच्या मध्ये घ्या. छत्री उघडू नका, घोड्याच्या मागून जाऊ नका, ओरडू नका. घोडेवाल्याला वाट दिलीत की तोही पुढची वाट नीट सांगतो. इथल्या बहुतेक घरांचं पोट घोडे, हमाली आणि लॉज यांच्यावर चालतं. त्यांच्याशी सन्मानाने बोलावं.

दुसरी दुपार: बागेत की सूर्यास्ताला?

दमलेल्यांनी पेमास्टर पार्कमध्ये बसावं. बाजारापासून लांब नाही, झाडांखाली बाक आहेत, मुलांना खेळायला जागा आहे. दुपारचे दोन तास असे काढणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे, संध्याकाळसाठी पाय राखून ठेवणं आहे.

ज्यांच्यात दम आहे त्यांनी साडेचारला पॉर्क्युपाइन पॉइंटकडे निघावं. लोक त्याला सनसेट पॉइंटच म्हणतात. सूर्यास्त सुंदर असतो, पण परतीची वाट अंधाराची आणि गर्दीची होते. म्हणून ज्येष्ठ बरोबर असतील तर बिंब टेकायच्या आधी, उन्हं तांबूस झाली की निघा. रंग वाटेतही दिसतात.

पॅनोरमा पॉइंट मी या दोन दिवसांत मुद्दाम धरलेला नाही. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या पुढे जातं आणि शेवटचा टप्पा उघडा आहे, ऊन थेट लागतं. तरुण मंडळींनी पहाटे निघून तो स्वतंत्रपणे करावा. गारबट पॉइंटही तसाच. वन ट्री हिलच्या बाजूने खाली उतरणारी 'शिवाजीची शिडी' ही वाट तर माहीतगार माणूस बरोबर असल्याशिवाय घेऊच नये.

चालताना चाल कशी ठेवावी

घरातला सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे ठेवा. बाकीचे त्याच्या मागे. हा एवढा नियम पाळला तर अर्ध्या तक्रारी राहत नाहीत, कारण मागे पडलेल्या आजोबांना धापा टाकत गाठायची घाई करावी लागत नाही आणि मुलांनाही थांबून मुंगळे-शेंगा पाहायला वेळ मिळतो. चढावर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. बोलणं तुटायला लागलं की थांबा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी, तहान नसली तरी. उतारावर पाऊल छोटं ठेवा, गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. छातीत दडपण, चक्कर, घाम फुटणं यांपैकी काही झालं तर 'बसू थोडं, जाईल' असं म्हणू नका. माथेरानात रुग्णालय आणि रुग्णवाहिका आहे, पण जंगलातल्या वाटेवरून तिथवर पोहोचायला वेळ लागतो. म्हणून हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहिल्या दिवशीची छोटी वाट पाहूनच दुसऱ्या दिवसाचं ठरवावं.

बाळाची ढकलगाडी आणू नका. मुळं आणि खडे यांत चाकं अडतात. कडेवर किंवा पाठीवरच्या झोळीत बाळ नीट राहतं. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना शटल किंवा ई-रिक्षाने बाजारापर्यंत येता येतं. पुढच्या जंगलवाटा मात्र अजून त्यांच्यासाठी तयार नाहीत, हे खेदाने सांगावं लागतं.

परत निघताना

२००३ साली माथेरान आणि भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याचा आपल्यापुरता अर्थ इतकाच: वर नेलेला प्रत्येक कागद, बाटली, वेष्टन खाली घेऊन यायचं. एक रिकामी कापडी पिशवी त्यासाठीच ठेवा आणि ती मुलांकडे सोपवा.

नेरळला उतरणाऱ्या छोट्या गाडीची तिकिटं थोडी असतात आणि गर्दीच्या दिवशी लवकर संपतात, त्यामुळे वर पोहोचल्यावरच परतीची चौकशी करून ठेवा. ती नाही मिळाली तर दुपारी चारच्या आत दस्तुरीला या. रविवारी संध्याकाळी टॅक्सीच्या रांगा लांबतात आणि घाटात कोंडी होते. दस्तुरी ते नेरळ रस्ता वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट भरून निघू नये. आवळा सुपारी जवळ ठेवावी, आणि लहानग्यांना पुढच्या सीटवर मोठ्या माणसाशेजारी बसवावं.